भोंगा कुठे गेला?

परवा शनिवारी संध्याकाळी बाबांनी मला एक प्रश्न विचारला आणि माझी दोन महिन्यांची मेहनत निकालात निघाली. प्रश्न अगदी साधा होता. "अरे, भोंगा कुठे गेला?"

तर मंडळी, आजचा विषय आहे घरातली जुनी स्टिरिओ, कॅसेटी आणि "सगळं डिजिटल करून टाकू या" हे आपलं, म्हणजे आयटीवाल्यांचं, लाडकं वाक्य. गाण्याची आवड नसेल तरी वाचा. तुमच्या आईबाबांच्या घरी माळ्यावर कॅसेटींची एखादी पिशवी असेल तर नक्की वाचा. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही कोनला राहतो. पनवेल सोडलं, पळस्पे फाटा ओलांडला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून हे गाव आहे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यात तेही होते. संपानंतर त्यांना परत कामावर घेतलं, पुष्कळांना घेतलं नाही. पुढे गिरणी बंद झाली ती झालीच. मग डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी कोनच्या २,४१७ घरांची लॉटरी निघाली आणि आमचा नंबर लागला. चावी मिळेपर्यंत आजोबा राहिले नाहीत. त्या मधल्या वर्षांवर एक वेगळी पोस्ट होईल, आज नको.

मुद्दा असा की घर आहे ३२० चौरस फूट. १६० च्या दोन खोल्या जोडून केलेलं. चाळीतल्या खोलीला निदान पोटमाळा होता. इथे तोही नाही. माणसं चार. मी, आई, बाबा, आजी. आणि पाचवी बाबांची स्टिरिओ.

ही स्टिरिओ बाबांनी १९८९ साली पहिल्या नोकरीत हप्त्यांवर घेतली. ॲम्प्लिफायर, दोन कॅसेटींचा डेक आणि लाकडी खोक्यातले दोन स्पीकर. कंपनीचं नाव सांगत नाही, आजारी माणसाचं नाव चव्हाट्यावर घेऊ नये :) कारण आमच्याकडे आली तेव्हा ती आजारीच होती. डावा स्पीकर मुका, व्हॉल्यूम फिरवला की खरखर आणि डेकचं बटण दाबलं की नुसता 'गुंऽऽ' आवाज. सोबत दोन मोठ्या पिशव्यांत १४३ कॅसेटी.

आई म्हणाली, "ह्यातलं काय ते एक ठेवा. माणसं तरी राहू देत, नाहीतर ह्या पेट्या तरी."

घरात इंजिनिअर असला की असल्या वेळी सगळे त्याच्याकडे बघतात. मी छाती फुगवून म्हणालो, "दोन महिने द्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये टाकतो."

आता मित्रांचं मत. ऐरोलीला ऑफिसात चहाच्या टपरीवर विषय काढला तर दोन पार्ट्या पडल्या. पहिली पार्टी म्हणाली, "येडा आहेस का? महिन्याला शंभर-दीडशे रुपये भर, जगातली सगळी गाणी फोनवर. एक ब्लूटूथ स्पीकर घे आणि ते खोकं भंगारात दे." दुसऱ्या पार्टीत आमच्या टीममधला एकच जण. तो म्हणाला, "डिजिटलमध्ये तो वॉर्मथ नाही रे, टेप ती टेपच." हा माणूस स्वतः फोनच्या स्पीकरवर गाणी ऐकतो हे नमूद करायला हवं.

मला दोन्ही पटत नाहीत. का ते सांगतो.

आधी 'भंगारात दे' वाल्यांचं बघू. स्टिरिओमध्ये जुनं काय होतं, तर सोर्स. म्हणजे जिथून गाणं येतं ती जागा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही कामं तशीच्या तशी राहिली आहेत. छोटा सिग्नल मोठा करायचा आणि कागदाचा कोन हलवून हवा हलवायची. (कोनमध्ये राहून स्पीकरच्या कोनावर लिहितोय, पण विनोद करत नाही.) १९८९ सालच्या बऱ्या ॲम्प्लिफायरला गाणं टेपवरून येतंय की इंटरनेटवरून, हे कळतही नाही. त्याला मागच्या लाल-पांढऱ्या पिनांवर सिग्नल मिळाला की झालं. सहाशे रुपयांच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये दोन-तीन इंचांचा कोन असतो. बाबांच्या खोक्यात आठ इंचांचा आहे. पखवाजाची डावी बाजू तेवढ्याशा डबीतून निघत नाही, कितीही भारी फाइल वाजवा.

म्हणून मी ॲम्प्लिफायर पनवेलमधल्या एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "कंडेन्सर सुकलेत. बाकी माल चांगला आहे." पाच-सहा कंडेन्सर बदलले, व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये स्प्रे मारला, मुक्या स्पीकरची सुटलेली वायर डाग देऊन जोडली. डेकचा रोग वेगळाच होता. आतले रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे झाले होते. ते खरवडून काढायला अख्खा दिवस गेला. नवे बेल्ट, हेडवर अल्कोहोलचा बोळा, की डेक गायला लागला. बाबा दुकानातच उभे राहून ऐकत होते. काकांनी चहा मागवला.

आता 'वॉर्मथ' वाल्यांचं. कॅसेट हा प्रकार फिलिप्सने १९६३ साली आणला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाणं कंपन्यांच्या हातातून निसटून गल्लीत आलं, हे तिचं मोठं काम. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी ज्या घरांत रेकॉर्ड प्लेअर कधीच आला नव्हता त्या घरांत पोचली ती कॅसेटवरून. पण आवाजाचं म्हणाल तर टेप हा झिजणारा माल आहे. प्रत्येक वेळी वाजवताना ती हेडला घासते. वरचा चुंबकीय थर सुटतो, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ओलाव्याने बुरशी धरते. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ज्याला आपण उबदारपणा म्हणतो त्यातला बराचसा म्हणजे गेलेला आवाज. तेव्हा कॉपी करायलाच हवी आणि ती आजच करायला हवी. उद्या टेप आजच्यापेक्षा वाईट असणार.

इथवर माझं सगळं बरोबर होतं. आता माझी चूक.

मी लॅपटॉपला एक छोटा यूएसबी डबा जोडला, डेकची लाइन-आउट वायर त्यात खुपसली आणि ऑडॅसिटी लावलं. ऑडॅसिटी फुकट आहे, २००० सालापासून आहे आणि या कामाला पुरेपूर आहे. गंमत अशी की टेपची कॉपी पळवून करता येत नाही. तासाची कॅसेट म्हणजे तासच लागणार. १४३ कॅसेटी म्हणजे १४३ तास. शनिवार-रविवार मिळून चार तास काढले तर ३६ आठवडे! मी घरच्यांना दोन महिने सांगितले होते. म्हणजे आपल्या धंद्यातलं नेहमीचंच एस्टिमेट.

मग मी काय केलं? सोमवार ते शुक्रवार रात्री घरून काम करताना बाजूला डेक चालू ठेवला. आवाज बंद, फक्त रेकॉर्डिंग. एक कॅसेट झाली की ऑडॅसिटीत टेपची 'सूंऽऽ' काढायची, एमपीथ्री करायची, मूळ मोठी फाइल उडवायची, पुढची कॅसेट. मी स्वतः एकही नीट ऐकली नाही. वेळ कुठे होता? अशा ३८ झाल्या. आईला जागा हवी होती. एका रविवारी भंगारवाला आला तेव्हा बाबांनी त्या ३८ कॅसेटींची पिशवी स्वतःच्या हाताने त्याच्या काट्यावर ठेवली.

मी विचारलं होतं, "बाबा, नक्की ना?"

ते म्हणाले, "तू म्हणालास ना कॉम्प्युटरमध्ये आहे? मग आहे."

पुढच्या शनिवारी एकोणचाळिसावी झाली. लेबलवर बॉलपेननं लिहिलेलं, 'भीमसेन – अभंग – १९८७'. ही दुकानातली कॅसेट नव्हती. तेव्हा स्टिरिओ यायची होती. बाबांकडे टू-इन-वन होता आणि शेजारच्या खोलीतल्या काकांकडे रेकॉर्ड प्लेअर. दोघांना जोडणारी वायर नव्हती. म्हणून बाबांनी टू-इन-वन रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला आणि त्याच्या अंगच्याच माइकवर एलपी टेप केली. दार उघडं, गॅलरीत पोरं, खाली रस्ता.

साहजिकच टेपवर भयंकर कचरा होता. मी तो झकास साफ केला. संध्याकाळी दुरुस्त स्टिरिओवर लावलं, पंडितजींचा आवाज लख्ख आला. मी बाबांकडे बघितलं. ते भुवया आकसून ऐकत होते. एक अभंग संपला आणि तो प्रश्न आला.

"भोंगा कुठे गेला?"

"कसला भोंगा?"

"अरे, गाणं सुरू व्हायच्या आधी गिरणीचा भोंगा होता. काका सुई ठेवायला थांबले होते त्याच्यासाठी. तरी वाजतच राहिला, मग म्हणाले जाऊ दे आणि ठेवली सुई. दुसऱ्या पाळीचा."

मी जाऊन बघितलं. ऑडॅसिटीत आवाज साफ करायची पद्धत अशी की, जिथे गाणं नाही असा तुकडा तुम्ही त्याला दाखवायचा आणि सांगायचं, 'हा कचरा आहे, ओळख करून घे.' मग त्या तुकड्यात ज्या ज्या पट्टीचे आवाज आहेत ते सगळीकडून दाबले जातात. मी नमुना म्हणून गाण्याआधीचे पंधरा सेकंद निवडले होते. म्हणजे मी नेमका भोंगाच बोट दाखवून सांगितला होता, हा कचरा. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे भोंगा पुसला. त्याची काहीच चूक नाही.

नशीब की ही कॅसेट अजून घरात होती. काही न करता तीच पुन्हा टेपवरून घेतली. आधी सूंऽऽ, मग कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज, मग लांबून एक जाड, सपाट सूर. तो पाचेक सेकंद एकटा वाजतो. कुणीतरी पुरुष काहीतरी पुटपुटतो, सुई टेकल्याची खरखर येते आणि भोंगा चालू असतानाच तंबोरे सुरू होतात.

बाबा म्हणाले, "ही आपली गिरणी."

आजी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "आपली नाय ती. आपली घोगरी होती. ही पलीकडची."

"अगं आई, आपलीच."

"चाळीस वर्षं त्या भोंग्यावर भात टाकला मी. मला सांगतोस?"

यावर दोघांचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत चाललं. निकाल लागला नाही. लागणार कसा? तुलना करायला दुसरा भोंगा हवा. आता गिरण्या नाहीत. दुसरा भोंगा असलाच तर तो बाबांनी त्याच काळात टेप केलेल्या दुसऱ्या कॅसेटवर असणार.

मी यादी काढून बघितली. १४३ मध्ये ९६ कॅसेटी कंपन्यांच्या, छापील कव्हरवाल्या. ४७ घरी टेप केलेल्या. वाडीतल्या भजनी मंडळाची बारी, गणपतीतले कार्यक्रम, रेडिओवरची 'कामगार सभा', पूजेत कुणीतरी म्हटलेली गाणी. भंगारात गेलेल्या ३८ पैकी अकरा घरच्या होत्या. त्या अकरांच्या साफ केलेल्या एमपीथ्री माझ्याकडे आहेत. सगळ्या ऐकल्या. गाणी छान ऐकू येतात. गाण्यांच्या आधी आणि मधे, जिथे चाळ असायला हवी, तिथे खोल विहिरीसारखी शांतता आहे.

आता मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की, यात वाचवलं काय? हिशोब मांडतो, आपल्याला आवडतो तसा. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी, प्रत्येक मोजणी १६ बिटांची, डावा-उजवा मिळून दोन. सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. मिनिटाला साडेदहा एमबी, तासाच्या कॅसेटला ६३५ एमबी. १४३ कॅसेटींचे ९० जीबी. फ्लॅक नावाचा प्रकार वापरला, जो २००१ पासून फुकट उपलब्ध आहे आणि एक बिटही न गमावता फाइल लहान करतो, तर साधारण निम्मे. म्हणजे आमच्या घरातलं चाळीस वर्षांचं गाणं कचऱ्यासकट हजारेक रुपयांच्या पेनड्राइव्हमध्ये मावत होतं. मी ते एमपीथ्री करून बारा जीबीत बसवायला निघालो होतो. का? सवय. कॉलेजात आठ जीबीच्या कार्डात हजार गाणी कोंबलेली पिढी आपली. जागा संपेल ही भीती हाडात बसली आहे, आणि जागा तर केव्हाच स्वस्त झाली.

घरच्या ३२० चौरस फुटांची टंचाई खरी होती. लॅपटॉपमधली खोटी होती. मी खोट्या टंचाईला घाबरून मूळ फाइल उडवली आणि खऱ्या टंचाईला घाबरून मूळ कॅसेट उडवली.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या कचऱ्याचं? बीबीसीचं उदाहरण सांगतो. साठ-सत्तरच्या दशकात बीबीसीने टेपा महाग आणि जागा अपुरी म्हणून आपलेच कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. त्यात 'डॉक्टर हू' या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग गेले. चित्र गेलं. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कसा? तर तेव्हाच्या काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते भाग टेप केले होते. काहींनी तर नुसता माइक धरून. अगदी माझ्या बाबांसारखं. एवढ्या मोठ्या संस्थेने जे पुसलं ते दिवाणखान्यातल्या पोरांनी राखलं.

आपल्याकडेही तेच. भारतात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं रेकॉर्डिंग १९०२ साली कोलकात्यात झालं, गौहरजान त्यात गायल्या. तेव्हापासूनच्या तबकड्या टिकल्या त्या बऱ्याचशा चोरबाजारात उन्हात बसून त्या शोधणाऱ्या वेड्या लोकांमुळे. १९९० साली मुंबईत अशा संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी ते काम वर्षानुवर्षं चालवलं. जे कुणाला भंगार वाटलं ते कुणीतरी फेकलं नाही, इतकीच त्या सगळ्या खजिन्याची गोष्ट आहे.

आणि स्ट्रीमिंग? मी स्ट्रीमिंगच्या विरोधात अजिबात नाही. रोज पनवेल-ठाणे लोकलमध्ये तेच ऐकतो. आमच्या ९६ छापील कॅसेटींपैकी बहुतेक सगळं तिथे मिळतं आणि आमच्या घासलेल्या टेपपेक्षा चांगलं मिळतं. त्या ९६ कॉपी करत बसणं हा शुद्ध मूर्खपणा होता, हे मी मान्य करतो. पण स्ट्रीमिंग हे भाड्याचं घर आहे, आणि भाड्याच्या घरात आपण खिळा ठोकायच्या आधी विचारतो. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. रेसो भारतात ३१ जानेवारी २०२४ ला बंद. विंक २०२४ मध्येच बंद. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली होती, कारण दोन कंपन्यांचं करारावर जमलं नाही. मायस्पेसने तर २०१९ साली सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना आमच्याकडून २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी गेली, माफ करा. यात कुणी खलनायक नाही. धंदा आहे, चालला तर चालला. आपलं त्यांच्याशी नातं महिन्याच्या भाड्याचं, तेवढंच धरून चालावं.

बाबांची स्ट्रीमिंगबद्दलची तक्रार मात्र वेगळीच आहे. मी त्यांना ॲप लावून दिलं. एक अभंग संपला, पुढे भलतंच काहीतरी सुरू झालं. ते म्हणाले, "हे पुढचं कोण लावतंय?" त्यांना ए साइडला कुठल्या अभंगानंतर कुठला येतो हे पाठ आहे. एक संपताना दुसऱ्याची तयारी डोक्यात सुरू झालेली असते. आणि मधेच कुणीतरी तिसराच येऊन बसतो. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीच सांगा, कोण लावतंय?

तर आता आमच्याकडे काय केलंय ते थोडक्यात. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तेच. त्याच्या मागे काडेपेटीहून थोडा मोठा रास्पबेरी पाय, वर डॅकचं एक छोटं कार्ड, आणि एक एसएसडी. दुरुस्ती धरून सगळं वीस हजारांच्या आत. सॉफ्टवेअर लिरियन म्युझिक सर्व्हर. याची कथा मला आवडते. हे स्क्वीझबॉक्स नावाच्या प्लेअरसाठीचं सॉफ्टवेअर. लॉजिटेकने ती कंपनी २००६ मध्ये घेतली आणि २०१२ मध्ये ते प्लेअर बनवणं बंद केलं. पण सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणून लोकांनी ते आजपर्यंत जिवंत ठेवलंय. कंपनी गेली, कोड राहिला. स्ट्रीमिंगही त्याच डब्यातून लागतं, पण पहिल्या पानावर आमच्या कॅसेटी आहेत, ए साइड आणि बी साइड अशाच नावांनी. बाबा फोनवरून लावतात. ए साइड संपली की थांबते. मुद्दाम तसं ठेवलंय.

लाइट गेली की अर्थातच सगळं बंद. कोनच्या पावसाळ्यात नेट तर लाइटच्याही आधी जातं. लाइट असेल आणि नेट नसेल तरी एसएसडीवरची गाणी चालू राहतात, हा फायदा जून ते सप्टेंबर चांगलाच कळतो.

आणि या सगळ्यातून मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी अकरा कॅसेटी वाचतील.

आधी दोन ढीग करा. बाजारात मिळणारं एकीकडे, फक्त तुमच्याच घरी असलेलं दुसरीकडे. पहिल्या ढिगासाठी स्ट्रीमिंग झिंदाबाद, तो बिनधास्त द्या. सगळा वेळ दुसऱ्याला द्या. त्याची पहिली फाइल जशी टेपवरून येईल तशी ठेवा. काही साफ करू नका, एमपीथ्री करू नका. साफ करायचीच असेल तर तिची कॉपी साफ करा. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एक कॉपी घराबाहेर, बहिणीकडे किंवा मित्राकडे. ऑफिसात प्रॉडक्शन डेटाबेसचा बॅकअप न घेता कुणी टेबल उडवलं तर आपण त्याचं काय करतो? तोच नियम घरी लावा. मी लावला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांची कॅसेट आहे त्यांच्याबरोबर बसून ती एकदा पूर्ण ऐका, मगच मूळ वस्तूचं काय ते ठरवा. कारण त्यात कचरा कोणता आणि माल कोणता हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नसतं. मी १९८७ साली नव्हतो. माझ्यासाठी भीमसेनजी गाणं आणि बाकी आवाज. बाबांनी माइक भीमसेनजींसमोर ठेवला होता हे खरं, पण भोंगा आला म्हणून त्यांनी टेप थांबवली नाही, मागे घेऊन पुन्हा टेप केली नाही. तेव्हा भोंगा रोजचा होता, त्याला कोण राखून ठेवतो? तो चुकून राहिला, आणि मी मुद्दाम पुसला.

भंगारवाल्याला मी गाठलं होतं. माल पुढे गेला म्हणाला. प्लास्टिक वेगळं, टेप वेगळी, ती कुणी घेत नाही. मी बाबांना हे सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं. ते म्हणाले, "जाऊ दे. छत्तीस आहेत ना अजून घरच्या?" आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून आईच्या साड्यांचं गाठोडं खाली काढून तिथे कॅसेटी लावायला लागले. आई बघत होती. काही बोलली नाही, पण गाठोडं कुठे ठेवायचं ते माझ्याकडे बघून ठरवलं. ते आता माझ्या टेबलाखाली आहे, पाय त्याच्यावर ठेवून हे लिहितोय.

आता दर शनिवारी संध्याकाळी एक कॅसेट, टेप होत असताना सगळ्यांनी मिळून ऐकायची, असं ठरलंय. ३६ आठवडे. म्हणजे शेवटी एस्टिमेट तेवढंच आलं बघा. आजी खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसते. तिला गाण्यात रस नाही, ती घोगऱ्या भोंग्याची वाट बघतेय. बाबांना खात्री आहे की तसा काही निघणार नाही.

आत्तापर्यंत तीन झाल्या. एकीत कोंबडा, एकीत कुणाचं तरी भांडण, तिसरीत नुसतं भजन. उद्या चौथी. तुमच्या माळ्यावर काय आहे ते बघून ठेवा, आणि भंगारवाल्याला या रविवारी नको म्हणून सांगा.